सहल भीमगडला न्यावी की बांधावर?

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातून, मराठी उच्च प्राथमिक शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलंय. नाव-गाव गाळून थोडक्यात सांगतो. बाई बेळगाव शहरातल्या शहापुरात वाढलेल्या, काही वर्षांपूर्वी बदली होऊन या गावात आल्या. परिसंस्थेचा धडा फळ्यावर शिकवून मुलांच्या डोक्यात उतरत नाही, म्हणून यंदा एक सहल भीमगड अभयारण्यात न्यावी असं त्यांनी सुचवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" बसचं भाडं निम्म्या पालकांना झेपणारं नाही. पालकसभेत एका आजोबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "रान दाखवायला पैसे कशाला ओ बाई? आमची पोरं रोज रानातच असतात की!" सहकाऱ्यांचं म्हणणं, स्मार्ट टीव्हीवर व्हिडिओ लावा आणि मोकळ्या व्हा. त्यात एका मुलानं बाईंनी सांगितलेलं पक्ष्याचं नाव भर वर्गात दुरुस्त केलं. तेव्हापासून, जे आपल्याला ओळखताही येत नाही ते शिकवायला मुलांना बाहेर कसं न्यायचं, ही शंका त्यांच्या मनात बसलीय. त्या विचारतात, पैसे भरतील तेवढ्याच मुलांना नेऊ, की हा नाद सोडून देऊ?

बाई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात मला दुमत दिसत नाही. पैसे भरतील त्यांनाच नेणं नको. वार्षिक सहलीला काही मुलं मागं राहतात, आणि दुर्दैवानं त्याची सगळ्यांना सवय झालीय. पण सहलीला धडा म्हणायचं आणि अर्ध्या वर्गाला त्या धड्याला गैरहजर ठेवायचं, हे तुमच्याही मनाला पटलेलं नाही, म्हणूनच तर तुम्ही लिहिलंत. नाद मात्र सोडू नका. फक्त भीमगडचा हट्ट यंदापुरता बाजूला ठेवा.

भीमगडबद्दल मला काही कमी बोलायचं नाही. खानापूर तालुक्यातलं सुमारे 190 चौरस किलोमीटरचं रान आहे, 2011 साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबटे आहेत, वाघाचाही वावर आहे. तिथल्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जे जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. पण तुमच्या 40 मुलांना यातलं काय दिसेल? अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. ती मिळाली, बस गेली, मुलं रांगेनं चालली, तर त्या आवाजानं गवा अर्ध्या कोसावरूनच वाट बदलेल. गुहेत मुलांना न्यायचा प्रश्नच नाही. माकडं दिसतील, मुलं धूळ खातील, डबे खातील आणि परत येतील. मग शाळेत निबंध : 'मी पाहिलेले जंगल'. या निबंधात हिरवीगार झाडी आणि पक्ष्यांचा किलबिलाट असतो, तो न जाताही लिहिता येतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या शाळांच्या सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत. माकडतापाचा जोरही डिसेंबर ते मे असाच असतो. 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, आणि अलीकडच्या वर्षांत पलीकडच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही त्याचे रुग्ण सापडलेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. पाचोळ्यात फतकल मारून डबा खाणं हा सहलीचा ठरलेला कार्यक्रम, आणि गोचीड नेमकी त्याच पाचोळ्यात असते. दाट रानात कधी गेलातच तर पायभर कपडे, मोजे, बसायला जाड सतरंजी, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि कपडे धुवायला, एवढं पालकांना आधी सांगा. मेलेलं माकड दिसलं तर त्या वाटेनं पुढं जाऊच नका, आणि वनखात्याला कळवा.

आता आजोबांकडे येतो. तुम्हाला त्यांचं बोलणं लागलंय असं पत्रावरून दिसतं. मला ते अर्धं बरोबर वाटतं. मुलं खरंच रोज रानात असतात. कोरड्या मातीतल्या धूळवाफ पेरणीपासून भाताची मळणी होईपर्यंत शिवारात काय काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं. रताळ्याचे वेल लावलेत, खेकडे धरलेत, गुरं वळलीत. त्यांना 'हे बघा झाड' म्हणून दाखवायला पैसे मागितले तर कोणीही आजोबा हेच म्हणतील. पण दिसणं वेगळं आणि 'असं का' म्हणून अडून बसणं वेगळं. परिसंस्थेचा धडा मुळात कोण कोणाच्या जिवावर जगतं याचा आहे. तो शिकवायला वाघ लागत नाही, शाळेपासून चालत दहा मिनिटांवरचा एक बांध पुरतो. अट एकच : त्याच बांधावर वर्षभरात पुन्हा पुन्हा जायचं.

सध्या लावण उरकत आलीय, म्हणजे सुगरणींचे दिवस आहेत. तुमच्या शिवारात कुठल्या बाभळीवर त्यांची वस्ती आहे ते त्या दुरुस्ती करणाऱ्या मुलाला विचारा, त्याला नक्की माहीत असणार. विहिरीवर लोंबणारी घरटी सुंदर दिसतात, पण मुलांना घेऊन उघड्या विहिरीजवळ जायचं नाही. बांधावरची, लांबून दिसणारी वस्ती निवडा आणि मुलांना गप्प बसवून अर्धा तास नुसतं बघू द्या. नर भाताच्या पात्याला काठाशी चोचीनं खाच पाडतो, टोक धरून उडतो, आणि पात्याची लांब पट्टी सोलून निघते. हे एकदा दिसलं की मुलं हलत नाहीत. मग दिसेल की काही घरटी अर्धवटच आहेत, वरून टोपीसारखी आणि खाली उघडी. तिथपर्यंत विणून नर थांबतो. मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम, नाहीतर सगळी मेहनत वाऱ्यावर. (हे कळल्यावर वर्गात पाच मिनिटं हशा चालेल, चालू द्या.) घरट्यात आतून ओल्या मातीचे गोळे थापलेले असतात. वाऱ्यानं पडलेलं जुनं घरटं सापडलं तर ते उलगडून बघा, झाडावरच्याला हात नको.

त्यानंतर फक्त दोन प्रश्न विचारा. पहिला, घरटी झाडाच्या कोणत्या अंगाला जास्त आहेत? बहुतेक वेळा ती पूर्वेकडच्या फांद्यांना असतात, कारण आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि पूर्वेला आडोसा मिळतो. हे तुम्ही सांगू नका. मुलांना मोजू द्या, दिशा काढू द्या, वारा कुठून येतो ते ओल्या बोटानं बघू द्या. तुमच्या बाभळीवर घरटी पश्चिमेला निघाली तर आणखी चांगलं, मग तिथं काय वेगळं आहे ते शोधायला लागेल. दुसरा प्रश्न घरी नेऊन आजोबांना विचारायचा : सुगरण पिकाचं नुकसान करते की फायदा? भात पोसलं की ती दाणे खाते, हे कुठलाही शेतकरी सांगेल. पण पिलांना ती किडेही भरवते, आणि ते किडे त्याच शेतातले असतात. या प्रश्नाला एक उत्तर नाही. वर्गात दोन तट पडतील, कदाचित घरातही पडतील. ज्या आजोबांनी तुम्हाला सभेत गप्प केलं त्यांनाच पुढच्या खेपेला बांधावर बोलवा. बैलांच्या दिवसांत तिथं काय होतं, कोणते पक्षी आता येत नाहीत, ओढ्याला कधीपर्यंत पाणी असायचं, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

म्हणून 'मला नावं येत नाहीत' ही अडचण मी फार मोठी मानत नाही. ज्या मुलानं तुम्हाला दुरुस्त केलं त्याला नाव येतं. ते पाखरू इथंच का राहतं आणि काय खातं, हे बहुधा त्यालाही येत नाही. तुमचं काम तिथून सुरू होतं. त्याच्याकडे वही द्या, नावांची जबाबदारी त्याची. एखादं नाव कोणालाच आलं नाही तर चित्र काढून खाली 'तांबड्या पायाचा' असं काहीतरी लिहून पुढं चला.

गावात जे सांगतात ते सगळं खरं मानायचं, असं मात्र नाही. सापसुरळी चावली की माणूस मरतो, हे तुमच्या वर्गात निम्म्या मुलांनी ऐकलेलं असेल. ती विषारी नसते. तिच्यावर दगड पडतात ते या एका गैरसमजापायी. धामणीचंही तसंच, उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य वाचवते आणि काठीनं मरते. गावकऱ्यांचं ज्ञान आणि पुस्तकातलं ज्ञान दोन्ही बांधावर नेऊन तपासायचं, तुम्ही शहरातल्या म्हणून एकाला मान आणि दुसऱ्याला कमीपणा असं करू नका.

पावसाळ्यानंतरची भेट भातकापणी झाल्यावर. आणि माझी सगळ्यात आवडती भेट त्यानंतरची, डिसेंबर-जानेवारीतली. तोवर भाताच्या रानात उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा किंवा हरभरा फुलावर आलेला असतो. मालकाची परवानगी घेऊन मसुराचं एक रोप मुळासकट हलक्या हातानं उपटा, बादलीत माती धुवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. मुलांना आधी विचारा हे काय असावं. 'कीड' असं उत्तर येईल. एक गाठ नखानं फोडायला सांगा. आतून गुलाबी निघाली तर ती कामाला लागलेली आहे. त्या गाठीत जिवाणू राहतात, हवेतला नत्र ओढून रोपाला देतात आणि रोप त्यांना साखर पुरवतं. भातानंतर कडधान्य घ्यायची आपल्याकडची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, ती का टिकली याचं निम्मं कारण मुलाच्या नखावर असतं. सहजीवनाची व्याख्या त्यानंतर फळ्यावर लिहा, आधी नको.

साधनांचा खर्च म्हणाल तर पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी टायरं मागून आणा. टायर बांधावर टाकायचं आणि त्याच्या आत काय काय आहे ते मोजायचं : किती प्रकारचं गवत, किती मुंग्या, गांडुळाची माती, गोगलगाय, काहीही. दुसरं टायर शाळेच्या झाडून लख्ख केलेल्या अंगणात टाकायचं. दोन्हींचे आकडे शेजारी-शेजारी लिहायचे, आणि बांधावरची जागा खुंटी मारून ठेवून प्रत्येक भेटीला टायर तिथंच टाकायचं. वर्षअखेरीस मुलांजवळ त्यांची स्वतःची मोजणी असेल. दर 5 जूनला त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढण्यापेक्षा हे मला जास्त उपयोगाचं वाटतं. रोप जगवणाऱ्या शाळांनी राग मानू नये.

आता मुख्याध्यापक. त्यांना भित्रे ठरवू नका. एप्रिल 2017 मध्ये मालवणच्या समुद्रात बेळगावातल्या कॉलेजच्या सहलीतले 8 जण बुडाले, ते आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये मुर्डेश्वरला कोलार जिल्ह्यातल्या शाळेच्या 4 मुली गेल्या. सहलीच्या कागदावर सही करताना त्यांच्या डोळ्यांपुढे हे असणार, आणि असायलाच पाहिजे. म्हणून त्यांच्याकडे 'सहल' मागू नका. 'शनिवारी सकाळच्या शाळेत, पहिल्या तासाला निघून दुसऱ्या तासाअखेर परत, गावाच्या शिवारात, वाहन नाही, नदी-तलाव नाही' असं लेखी द्या. सरकारी शाळांना दप्तराविना शनिवार आहे, तो पहिल्यांदा वापरा. एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत ठराव करून घ्या, पालकांच्या सह्या घ्या. दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, त्यात दोन-तीन आया आल्या तर फारच उत्तम. शाळेच्या वेळेत आणि जवळच असल्यामुळे मुलींना घरून नकार येत नाही, शौचालयाचा प्रश्न पडत नाही, पायानं अधू असलेलं मूलही येऊ शकतं. बसच्या सहलीत या तिन्ही गोष्टी कोणी मोजत नाही.

जोखीम शिवारातही आहे, पण ती माहितीची आहे. जायच्या आधी शेतमालकाला विचारा, त्या आठवड्यात औषध फवारलंय का? फवारलं असेल तर बेत पुढं ढकला, यात भीड धरू नका. मोटरपंपाच्या वायरी कुठून गेल्यात ते आदल्या दिवशी स्वतः चालून बघा. वीज कडाडली तर झाडाखाली थांबायचं नाही, तडक शाळेत. मोहोळ असलेलं झाड टाळा. सापाचं म्हणाल तर पायात बूट, हातात काठी, गवतात हात घालायचा नाही. तरीही चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मुलाला चालवायचं नाही, सरळ दवाखाना. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात असतं ते आधी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

व्हिडिओंना माझा विरोध नाही. रात्रीचे प्राणी, गुहेतली वटवाघळं, अंड्यातून बाहेर येणारं पिलू, हे टीव्हीवरच दाखवावं. पण क्रम सांभाळा. बांधावर जाऊन आलेलं मूल व्हिडिओ बघताना प्रश्न विचारतं, न गेलेलं नुसतं बघतं.

वर्ष संपताना बस करायची असेल तर भीमगडऐवजी खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीचा विचार करा. माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेला वाहत कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. त्याच डोंगराळ भागातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. शेजारी-शेजारी पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो, हे नकाशावर दहा वेळा सांगून कळत नाही, तिथं उभं राहून कळतं. तयारी मात्र गावातूनच करा. शाळेच्या छपरावरचं पाणी कुठं जातं ते पावसात बघा. तुमच्या भागातलं पाणी बहुधा मार्कंडेयला मिळतं. राकसकोपला अडवून तिचंही पाणी बेळगाव शहर पितं, पुढं गोडचिनमलकीला ती धबधब्यावरून उडी घेते, घटप्रभेला मिळते आणि शेवटी कृष्णेलाच. कणकुंबीला मुलांना म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्यासाठीचं कळसा नाल्याचं कामही दिसेल आणि ती त्यावरच्या भांडणाबद्दल विचारतील. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र, तिघांचा वाद लवादापुढं गेला, 2018 साली निवाडा झाला आणि तरी तो मिटलेला नाही, एवढं सांगा. बाजू कोणाची खरी हे सांगायची घाई करू नका. पाणी वळवलं तर वरच्या रानाचं, खालच्या खाडीचं आणि मलप्रभेच्या काठच्या शेतकऱ्याचं काय होईल, हे तिन्ही प्रश्न एकाच फळ्यावर लिहा. भाड्याची सोय शाळेच्या इको क्लबच्या (पर्यावरण मंडळाच्या) रकमेतून होते का ते मुख्याध्यापकांना विचारा, कमी पडेल ते गावातून जमतं. वर्षभर पोरं बांधावर काय करतात हे गावानं पाहिलेलं असेल तर विशेष अडचण येत नाही.

बेळगाव शहरातल्या शिक्षकांची अशीच पत्रं येतात, त्यांना बांध कुठून आणायचा? व्हॅक्सिन डेपोतली जुनी झाडं आहेत, किल्ला तलाव आहे, शाळेच्या भिंतीवरचं शेवाळ आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना ऊस आणि तंबाखू आहे. टायर सगळीकडे सारखंच पडतं.

आणि बाई, वार्षिक सहलीला मोडता घालू नका. पन्हाळा असो, गोकाकचा धबधबा असो, मुलांना एक दिवस गाणी म्हणत बसमधून जायचं असतं. त्यात परिसंस्था घुसवायची काही गरज नाही. त्या दिवशी तुम्हीही खिडकीची जागा धरा.